एमएससाठी अमेरिकेला अप्लाय करताय? मग आधी दुसऱ्यांच्या हातातली कामं उरका

नोव्हेंबर संपत आला की दरवर्षी तेच मेसेज यायला लागतात. जीआरई (प्रवेशासाठीची परीक्षा) झालेली असते, एसओपीचे (काय केलं, काय शिकायचंय, कुठे आणि का हे सांगणाऱ्या निबंधाचे) ढीगभर ड्राफ्ट झालेले असतात, आणि अडलेलं कुठे असतं तर शिफारसपत्र देणारे सर फोन उचलत नाहीयेत, ट्रान्स्क्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा अधिकृत उतारा) विद्यापीठात पडून आहे, नाहीतर पासपोर्टवरचं नाव एक आणि मार्कशीटवरचं भलतंच. कारण सोपंय, सगळे जण आपल्या हातातल्या कामांपासून सुरुवात करतात. अभ्यास रात्री दोन वाजता पण होतो, विद्यापीठाची खिडकी नाही उघडत रात्री दोनला. आणि आपलं कॅलेंडर तर माहितीये, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गणपती, मग नवरात्र, मग दिवाळीची सुट्टी, त्यात कॉलेजच्या ओरल आणि सबमिशन, आणि एखाद्या वर्षी निवडणूक लागली की अर्धा स्टाफ ड्युटीवर. तिकडच्या फॉल इंटेकच्या (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास सुरू होणाऱ्या वर्गांच्या) डेडलाइन बऱ्याच ठिकाणी १ डिसेंबर, १५ डिसेंबर, नाहीतर जानेवारीत असतात, म्हणजे बरोबर या सगळ्यानंतर.

म्हणून खाली क्रम तसा लावलाय. हे महाराष्ट्रातल्या कॉलेजातून बीई, बीटेक किंवा बीएस्सी करून एमएसला जाणाऱ्यांसाठी आहे. बारावीनंतर जाणाऱ्यांचं कॉमन ॲप, एसएटी वगैरे प्रकरण वेगळं, ते इथे नाही.

पायरी १: पासपोर्ट आणि नावाची भानगड (जून, उशिरात उशिरा जुलै)

हे सगळ्यात आधी, कारण पुढचं सगळं यावर उभंय. आपल्याकडे मार्कशीटवर नाव येतं आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं, आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी आईचं. पाटील स्नेहल विजय सुनीता. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने, सरनेम आणि गिव्हन नेम. गिव्हन नेममध्ये कुणी नुसतं स्नेहल लिहिलेलं असतं, कुणी स्नेहल विजय. आणि मग जीआरईच्या अकाउंटवर तिसरंच काहीतरी, कारण ते घाईत सायबर कॅफेत नाहीतर मित्राच्या लॅपटॉपवर उघडलेलं.

नियम एकच ठेवा: पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे. जीआरई, टोफेल आणि आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षा, प्रत्येक युनिव्हर्सिटीचा फॉर्म, लोनचा अर्ज, सगळीकडे. गिव्हन नेममध्ये वडिलांचं नाव असेल तर फर्स्ट नेमच्या रकान्यात पण ते तसंच घाला, एका फॉर्मवर मिडल नेम आणि दुसऱ्यावर नाही असं करू नका. मार्कशीटवर नावांचा क्रम वेगळा आहे किंवा आईचं नाव जास्तीचं आहे याने सहसा काही बिघडत नाही, भारतातून आलेले असे हजारो कागद त्यांनी बघितलेले असतात. स्पेलिंगच वेगळं असेल तर मात्र आत्ताच हलवा, कारण पासपोर्ट दुरुस्ती, गॅझेट किंवा नोटरीचं ॲफिडेव्हिट यातलं काय लागेल ते प्रकरणावर अवलंबून आहे आणि त्यात आठवडे जातात.

पासपोर्टवर सरनेमचा रकाना रिकामा असेल तर? व्हिसावर गिव्हन नेमच्या जागी एफएनयू छापून येतं, म्हणजे फर्स्ट नेम अननोन, आणि मग तिकडे बँकेपासून ड्रायव्हिंग लायसन्सपर्यंत ते शेपूट मागे लागतं. पासपोर्ट रीइश्यू करून आडनाव घालून घ्या, परीक्षेची तारीख घ्यायच्या आधी.

चेक: पासपोर्टची मुदत बघितली? कोर्स संपेपर्यंत तरी चालू राहील असा असेल तर उत्तम, वर्षभरात संपत असेल तर आत्ताच रिन्यू करा. नंबर बदलला की सगळीकडे बदलत बसावं लागतं.

पायरी २: ट्रान्स्क्रिप्ट (जुलै-ऑगस्ट)

इथे लोक दोन टोकांना चुकतात. एक जण काहीच करत नाही, दुसरा पंधरा सीलबंद पाकिटं बनवून घरी रचून ठेवतो आणि त्यातली दोन पण वापरली जात नाहीत. बहुतेक युनिव्हर्सिटी अप्लाय करताना फक्त स्कॅन अपलोड करायला सांगतात, ऑफिशियल कॉपी ॲडमिट (प्रवेश मिळाल्याचं पत्र) आल्यावर मागतात. काही ठिकाणी मार्कशीटचा स्कॅन चालतो, काही ठिकाणी ट्रान्स्क्रिप्टच लागते. त्यामुळे ट्रान्स्क्रिप्ट काढायची हे नक्की, पण मोजक्या कॉपी काढा, लागल्या तर परत अर्ज करता येतो.

मुंबईवाल्यांनी मुंबई विद्यापीठाकडे, पुणे-नाशिक-नगरवाल्यांनी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे, कोल्हापूर-सांगली-साताऱ्याच्या लोकांनी शिवाजी विद्यापीठाकडे, असं आपापल्या विद्यापीठाकडे अर्ज करायचा. कॉलेज ऑटोनॉमस असेल तर आधी कॉलेजच्या ऑफिसात विचारा की ट्रान्स्क्रिप्ट कोण देतं, कॉलेज की विद्यापीठ, कारण चुकीच्या ठिकाणी अर्ज टाकून महिना घालवलेले लोक मी बघितलेत. अर्जाला सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट लागतात. एखादी हरवली असेल तर आधी डुप्लिकेटचा अर्ज, मग ट्रान्स्क्रिप्टचा, म्हणजे वेळ डबल.

स्कॅन करताना मार्कशीटची मागची बाजू पण स्कॅन करा. ग्रेडिंगची पद्धत तिथे छापलेली असते, आणि तिकडच्या माणसाला ८.१ म्हणजे चांगलं की बरं हे त्यावरूनच कळतं. मोबाइलवर काढलेला वाकडा फोटो, कोपऱ्यात चादर दिसतेय, असलं पाठवू नका.

आणि आता दोन गोष्टी नीट वाचा.

पहिली, सीजीपीए स्वतःच्या मनाने ४ पैकी करू नका. सीजीपीएला ४ ने गुणून दहाने भागायचं असं कुणीतरी सांगतं, ते करून ८.१ चे ३.२४ होतात, आणि तुम्ही स्वतःच स्वतःचं नुकसान करता. फॉर्ममध्ये स्केल १० निवडून तुमचा आकडा जसाच्या तसा लिहा. युनिव्हर्सिटीने स्पष्ट सांगितलं असेल की कन्व्हर्ट करून द्या, तरच त्यांनी दिलेल्या पद्धतीने करा. डब्ल्यूईएससारखं इव्हॅल्युएशन (बाहेरच्या संस्थेकडून आपल्या मार्कांचं तिकडच्या पद्धतीत मूल्यमापन) पण ज्यांनी मागितलंय त्यांच्यासाठीच, सगळ्यांसाठी आधीच पैसे भरून बसू नका.

दुसरी, केटी (नापास होऊन राहिलेला विषय) लपवू नका. मुलं फेल झालेल्या सेमिस्टरची जुनी मार्कशीट काढून फक्त पास झालेली लावतात आणि मग ट्रान्स्क्रिप्टवर ॲटेम्प्ट दिसतो. दोन केटींनी ॲडमिशन अडेलच असं नाही, कागद जुळत नाहीत म्हणून मात्र अडते. वायडी (नापास होऊन गेलेलं वर्ष) असेल तर त्या वर्षाचं कारण दोन ओळीत लिहायची जागा फॉर्ममध्ये बऱ्याचदा असते, तिथे लिहा आणि विषय संपवा.

पायरी ३: सर किंवा मॅडमकडून एलओआर, म्हणजे शिफारसपत्र (ऑगस्टपासूनच)

सगळ्यात जास्त रडारड इथे होते म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवतो.

साधारण तीन एलओआर लागतात. चौथं माणूस तयार ठेवा, कारण तिघांपैकी कुणीतरी कॉलेज सोडतं, कुणी ट्रिपला जातं, कुणी तुमचा मेल बघतच नाही. निवडताना पद बघू नका. प्रिन्सिपलनी तुम्हाला कधी शिकवलेलंच नाही, त्यांचं पत्र म्हणजे 'हा विद्यार्थी आमच्या कॉलेजचा आहे, वागणूक चांगली' एवढंच. त्यापेक्षा ज्या मॅडमनी तुमचा फायनल इयर प्रोजेक्ट गाईड केला, ज्यांना तुमचं कुठलं सर्किट जळलं होतं ते आठवतंय, त्यांचं पत्र कितीतरी भारी. जॉब करत असाल तर एक मॅनेजरचं चालतं, तिन्ही ऑफिसमधली शक्यतो नको.

क्रम असा ठेवा:

१. प्रत्यक्ष भेटून विचारा, व्हॉट्सॲपवर नाही. सरांना स्पष्ट विचारा की किती युनिव्हर्सिटींना द्याल. काही जण पाचच्या वर देत नाहीत, ते आधी कळलेलं बरं.

२. त्यांना एक पान द्या. तुम्ही त्यांच्याकडे काय शिकलात, प्रोजेक्टचं नाव, तुमचा त्यातला भाग, मार्क, युनिव्हर्सिटींची यादी आणि प्रत्येकीची डेडलाइन. तुमच्या यादीतली डेडलाइन खऱ्यापेक्षा दहा दिवस आधीची लिहा. हे खोटं नाही, हे शहाणपण.

३. कॉलेजच्या डोमेनचा ईमेल घ्या. जीमेलवर काही पोर्टल अडून बसतात किंवा नंतर शंका घेतात. कॉलेजने ईमेल दिलेलाच नसेल तर सरांचं नाव कॉलेजच्या वेबसाइटवर दिसतंय ना तेवढं बघा, आणि युनिव्हर्सिटीला आधीच मेल करून विचारा.

४. फॉर्ममध्ये रेकमेंडरची माहिती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच भरा. बऱ्याच पोर्टलवर तुम्ही अर्ज सबमिट करायच्या आधीच लिंक पाठवता येते. लोक समजतात सबमिट केल्यावर जाते, आणि डेडलाइनच्या रात्री लिंक जाते, सर झोपलेले.

५. लिंक गेली की त्याच दिवशी सरांना फोन: सर, मेल आलाय का, स्पॅममध्ये बघा. मग पोर्टलवर स्टेटस बघत राहा. आठवण करून द्यायला लाजू नका, पण रोज पण नको.

फॉर्ममध्ये फर्पाबद्दल (विद्यार्थ्यांच्या नोंदींबद्दलचा अमेरिकी कायदा) एक प्रश्न येतो, की पत्र बघण्याचा हक्क सोडता का. हो म्हणा. हक्क राखून ठेवला की पत्र लिहिणारा मोकळेपणाने लिहिणार नाही असं वाचणाऱ्याला वाटतं.

सावधान: 'तूच लिहून आण, मी सही करतो' हे आपल्याकडे सर्रास चालतं. मुद्दे द्या, पण पूर्ण पत्र तुम्हीच लिहिलंत तर तिन्ही पत्रांची भाषा एकच येते आणि ती तुमच्या एसओपीची भाषा असते, वाचणाऱ्याला कळतं. आणि सरांच्या नावाने स्वतःच ईमेल उघडून स्वतःच पत्र अपलोड करणं तर सरळ फसवणूक आहे, ॲडमिट मिळाल्यावर, अगदी तिकडे पोचल्यावरसुद्धा अंगाशी येतं. 'सगळे करतात' म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका.

पायरी ४: यादी ठरवणं

हे वरच्या कामांबरोबर चालू ठेवायचं. रँकिंगच्या वेबसाइटवरून यादी बनवू नका, प्रोग्रामच्या पानावर जाऊन बनवा. प्रत्येकीचं पान उघडून एका शीटमध्ये लिहा:

– जीआरई लागते, ऐच्छिक आहे, की घेतच नाहीत
– इंग्रजीच्या परीक्षेचा किमान स्कोअर, एकूण आणि सेक्शनचा पण
– इंटरनॅशनल अर्जदारांची डेडलाइन (ती कधी कधी वेगळी आणि आधीची असते)
– डिपार्टमेंट आणि ग्रॅज्युएट स्कूल, दोघांच्या अटी
– एक वर्षाचा एकूण खर्च, नुसती ट्यूशन नव्हे
– प्रोग्रामचा सीआयपी कोड (डिग्री कुठल्या विषयात मोडते ते सांगणारा सरकारी कोड)

हा शेवटचा कुणीच बघत नाही. डिग्रीनंतर ओपीटीवर (स्टुडंट व्हिसावरच काम करायची परवानगी) १२ महिने काम करता येतं आणि स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) यादीत बसणाऱ्या डिग्रीला आणखी २४ महिने. ते ठरतं कोडवरून. नावात ॲनालिटिक्स आहे म्हणून स्टेम असेल असं धरून चालू नका, डिपार्टमेंटला मेल करून विचारा. ओपीटीचे नियम सरकार बदलू शकतं, त्यामुळे सगळं गणित त्याच्यावरच मांडू नका हेही खरं.

तीन वर्षांची बीएस्सी किंवा बीसीए असेल तर वेगळा रकाना करा. खूप ठिकाणी १६ वर्षांचं शिक्षण हवं असतं, म्हणजे बारावी अधिक चार. काही युनिव्हर्सिटी तीन वर्षांची डिग्री घेतात, काही एमएस्सी झालेली असेल तर घेतात. फी भरायच्या आधी मेलवर लेखी उत्तर घ्या.

कन्सल्टंटबद्दल एवढंच: बऱ्याच जणांना ठरावीक युनिव्हर्सिटींकडून कमिशन मिळतं, त्यामुळे त्यांच्या यादीत त्याच वर असतात. कन्सल्टंट घ्या किंवा नका घेऊ, पण प्रत्येक पोर्टलचा ईमेल आणि पासवर्ड तुमचाच पाहिजे. फुकट आणि कमिशनशिवाय माहिती हवी तर अमेरिकी सरकारचं एज्युकेशनयूएसए आहे, मुंबईत पण त्यांचे सल्लागार बसतात.

पायरी ५: परीक्षा

याच्यावर सगळीकडे भरपूर लिहिलेलं आहे, मी थोडक्यात सांगतो. २०२३ च्या सप्टेंबरपासून जीआरई दोन तासांच्या आत संपते. स्कोअर ५ वर्षं चालतो, टोफेल आणि आयईएलटीएसचा २ वर्षं. परीक्षा सप्टेंबरच्या आत एकदा देऊन टाका म्हणजे परत द्यायची वेळ आली तर जागा राहते. जीआरई झाल्यावर तिथल्या तिथे ४ युनिव्हर्सिटींना स्कोअर फुकट पाठवता येतो, म्हणून चार नावं ठरवूनच जा, नंतर प्रत्येकीचे पैसे पडतात. ओळखपत्र म्हणून ओरिजिनल पासपोर्ट न्या, आधारच्या भरवशावर राहू नका.

पायरी ६: एसओपी

'लहानपणापासून मला कॉम्प्युटरची आवड होती' ने सुरू होत असेल तर ती ओळ उडवा. गीतेतला श्लोक, कलामसाहेबांचं वाक्य, तेही उडवा. वाचणाऱ्याला तीन गोष्टी हव्यात: तुम्ही आत्तापर्यंत नक्की काय केलं, आता काय शिकायचंय, आणि ते याच डिपार्टमेंटमध्ये का. पहिल्या भागात एकच प्रोजेक्ट घ्या पण खोलात जा. काय प्रॉब्लेम होता, काय करून बघितलं, काय चाललं नाही. चार प्रोजेक्टची जंत्री रेझ्युमेत आहेच.

युनिव्हर्सिटीबद्दलचा परिच्छेद प्रत्येकीसाठी नव्याने लिहावा लागतो, याला शॉर्टकट नाही. 'आपल्या जगप्रसिद्ध संस्थेतील प्राध्यापकवर्ग' हे कुठेही चिकटतं म्हणून ते कुठेच चालत नाही. प्रोफेसरचं नाव घ्याल तर ते अजून तिथेच आहेत का ते बघा, रिटायर झालेल्या माणसाचं नाव घालून पाठवणारे आहेत. सीनियरचा एसओपी समोर ठेवून शब्द बदलू नका, चोरी पकडणारी सॉफ्टवेअर त्यांच्याकडे असतात. एआयकडून लिहून घ्यायचा मोह होईल, पण काही युनिव्हर्सिटींचे त्याबद्दल स्वतःचे नियम आहेत ते आधी वाचा, आणि तसंही ते सगळं एकसारखंच गुळगुळीत येतं.

चेक: फाइल उघडून दुसऱ्या कुठल्या युनिव्हर्सिटीचं नाव राहिलंय का ते सर्च करा. फाइलच्या नावात पण बघा.

पायरी ७: फॉर्म भरणं आणि सबमिट करणं

फॉर्म एका बैठकीत भरू नका. आधी सगळ्यांची अकाउंट उघडून पानं नुसती चाळून घ्या, कुठेतरी एखादा जास्तीचा निबंध किंवा व्हिडिओ लपलेला असतो.

फी साधारण ७५ ते १२५ डॉलरच्या आसपास असते, काही ठिकाणी कमीजास्त. दहा ठिकाणी अप्लाय केलं तर फीचाच चांगला मोठा आकडा होतो, म्हणून यादी सात-आठच्या वर नेऊ नका. फी माफीची सोय काही ठिकाणी असते, मेल करून विचारायला पैसे पडत नाहीत. बाबांचं कार्ड वापरणार असाल तर आदल्या आठवड्यात बँकेच्या ॲपमध्ये इंटरनॅशनल ट्रान्झॅक्शन चालू करा, रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नवीन कार्डावर ते बंदच येतं. आणि ओटीपी बाबांच्या फोनवर येणार, ते त्या वेळी गावाला, रेंज नाही. हसू नका, होतं असं.

वेळ नीट समजून घ्या. डिसेंबर-जानेवारीत न्यूयॉर्कची रात्री ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९, कॅलिफोर्नियाची ११:५९ म्हणजे दुपारी १:२९. पण पानावर कुठला टाइमझोन ते लिहिलेलं असेलच असं नाही, म्हणून भारतातली तारीख हीच डेडलाइन धरा, आणि दोन-तीन दिवस आधी सबमिट करा. शेवटच्या रात्री पोर्टल रांगतं.

सबमिट झाल्यावर काम संपत नाही. काही दिवसांत ॲप्लिकंट पोर्टलची लिंक येते, तिथे चेकलिस्ट असते, आणि 'टोफेल स्कोअर मिळालेला नाही' असं तिथे शांतपणे लिहिलेलं असतं, वेगळा मेल येईलच असं नाही. जानेवारीभर दर आठवड्याला बघा. स्कोअर पाठवलाय पण दिसत नाही म्हणजे बहुतेक नाव किंवा जन्मतारीख जुळलेली नाही, पायरी १ परत वाचा.

पायरी ८: पैशांचे कागद (जानेवारीतच सुरू करा)

ॲडमिट आल्यावर आय-२० साठी (व्हिसाला लागणारा, युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म) पहिल्या वर्षाच्या खर्चाएवढा पैसा दाखवावा लागतो. लोक ॲडमिटची वाट बघतात आणि मग एप्रिलमध्ये बँकेत जातात. सरकारी बँकेचं तारण ठेवून घेतलेलं लोन म्हणजे टायटल सर्च, व्हॅल्युएशन, आई-बाबांचे आयटीआर, सोसायटीचं पत्र, यात महिना-दीड महिना आरामात जातो. शेतजमीन बहुतेक बँका तारण म्हणून घेत नाहीत, एनए (बिनशेती) प्लॉट किंवा फ्लॅट लागतो, हे गावाकडच्या घरांना फार उशिरा कळतं.

आय-२० ला चालतं: सेव्हिंग, एफडी, लोनचं सँक्शन लेटर, स्कॉलरशिपचं पत्र. सहसा चालत नाही: घराची किंमत, सोनं, सीएने दिलेला मालमत्तेचा दाखला. बँकेचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर, तारीख आणि सहीशिक्क्यासह घ्या, आणि खातं काकांचं असेल तर त्यांचं स्पॉन्सरचं पत्र पण.

जे. एन. टाटा एंडोमेंट आणि के. सी. महिंद्रा यांच्या स्कॉलरशिपचे अर्ज, तसंच अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, यांच्या तारखा आणि अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. मित्राच्या मागच्या वर्षीच्या स्क्रीनशॉटवर जाऊ नका.

पायरी ९: आय-२० पासून विमानापर्यंत

फंडिंगवाली ऑफर असेल तर बऱ्याच युनिव्हर्सिटींनी १५ एप्रिलपर्यंत विचार करायला वेळ देण्याचं मान्य केलेलं आहे. फंडिंग नसलेल्या ऑफरला ते लागू नाही, तिथे डिपॉझिटची तारीख बघा, आणि डिपॉझिट परत मिळतं का ते आधी विचारा.

मग क्रम असा: आय-२० आला की नाव, जन्मतारीख आणि प्रोग्राम तपासा, सही करा. त्यावरच्या सेविस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंदणी) नंबरने ३५० डॉलरची सेविस फी भरा, पावती छापा. डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, भरा. व्हिसाची फी भरून स्लॉट घ्या, एक बायोमेट्रिक्सचा आणि एक इंटरव्ह्यूचा, मुंबईत कॉन्सुलेट बीकेसीला आहे. कोर्स सुरू व्हायच्या ३६५ दिवस आधीपर्यंत व्हिसा मिळू शकतो, त्यामुळे आय-२० हातात असताना स्लॉटसाठी जून उजाडायची वाट बघू नका. आणि दुबई-बँकॉकला जाऊन लवकर इंटरव्ह्यू देण्याचा जुना जुगाड डोक्यातून काढा, २०२५ च्या सप्टेंबरपासून आपण राहतो त्या किंवा आपल्या नागरिकत्वाच्या देशातच अर्ज करायला सांगतात.

डीएस-१६० मध्ये गेल्या ५ वर्षांतले सोशल मीडिया हँडल विचारतात, विसरलेलं अकाउंट पण लिहा. २०२५ च्या जूनपासून स्टुडंट व्हिसावाल्यांना प्रोफाइल पब्लिक ठेवायला सांगितलंय. इंटरव्ह्यू दोन-तीन मिनिटांचा असतो. पाठ केलेलं बोलू नका. हीच युनिव्हर्सिटी का, पैसे कोण देणार, नंतर काय, याची साधी खरी उत्तरं द्या, आणि बाबांचं उत्पन्न विचारलं तर आकडा तोंडात पाहिजे. २१४(बी) खाली (शिकून परत जाल याची खात्री पटली नाही, हे सांगणारं कलम) नकार आला तर परत अर्ज करता येतो, पण तेच कागद आणि तीच उत्तरं घेऊन पुढच्या आठवड्यात जाण्यात अर्थ नाही.

कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवस आधी अमेरिकेत शिरता येतं, त्याच्या आधीचं तिकीट काढू नका. आय-२०, पासपोर्ट, सेविसची पावती, बँकेचे कागद हे सगळं हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही. फायनल सेमिस्टरची ट्रान्स्क्रिप्ट आणि डिग्री किंवा प्रोव्हिजनल सर्टिफिकेट तिकडे दाखवावं लागतं, नाहीतर पुढच्या सेमिस्टरच्या रजिस्ट्रेशनवर होल्ड लागू शकतो. ते विद्यापीठातून सीलबंद पाकिटात घ्या, आणि आत काय आहे बघायला म्हणून ते पाकीट घरी फोडू नका.